गुडघा बदलल्यानंतर इन्फेक्शन: धुवून भागतं की सांधा काढावाच लागतो?

काठावरची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचक होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची, शुगर आहे, गोळ्यांवर. १४ महिन्यांपूर्वी उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन मस्त झालं होतं, तीन महिन्यांत काठी सुटली, वर्षभर काही तक्रार नाही. दोन महिन्यांपूर्वी पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, त्या चिघळल्या, मग मलमाने बऱ्या झाल्या आणि तो विषय आम्ही विसरलो. त्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी गुडघा दुखायला लागला. आधी वाटलं चालणं जास्त झालं असेल. मग हाताला गरम लागायला लागला, सूज आली, रात्री झोपेतून उठवणारा ठणका. ताप म्हणाल तर कधीच ९९ च्या वर नाही. जवळच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं, एकदम उतरलं, गोळ्या संपल्या की आठवड्यात परत तेच. असं दोनदा झालं, आता तिसरा कोर्स चालू आहे आणि या सगळ्यात सहा आठवडे गेलेत. रक्तातली सूज-इन्फेक्शन दाखवणारे आकडेही वाढलेत, सीआरपी ४२, ईएसआर ७८.

काल ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनकडे गेलो तर त्यांनी गुडघ्याला हात लावला आणि गप्पच झाले. म्हणाले आतलं पाणी काढून तपासू, पण इन्फेक्शन निघालं तर बहुतेक सांधा काढावा लागेल, मध्ये काही आठवडे सिमेंटचा स्पेसर आणि मग नवीन सांधा. दोन ऑपरेशनं! आई तेव्हापासून बोलत नाहीये. मामा म्हणतो दुर्बिणीतून धुवून घ्या, चांगला बसलेला सांधा कोण काढतं. कुणी यातून गेलंय का? धुवून खरंच भागत नाही का?

दोनदा_टाके
गेलोय. डावा गुडघा, दोन टप्प्यांत, आता तीन वर्षं झाली, रोज चालायला जातो. आधी एवढं सांगून ठेवतो म्हणजे पुढचं वाचताना धीर राहील.

बाकी सगळं नंतर. ताई, गोळ्या आत्ता चालू आहेत का? आणि सर्जनना ते माहिती आहे का?

काठावरची
चालू आहेत. सांगितलंय असं वाटतंय, घाईत राहिलं असेल तर माहीत नाही. का हो?

दोनदा_टाके
कारण माझं नेमकं तिथेच फिसकटलं होतं. गोळ्या पोटात असताना पाणी काढलं, कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात ते) काहीच उगवलं नाही, रिपोर्ट आला "नो ग्रोथ" आणि घरात पेढे वाटल्यासारखा आनंद. दोन महिन्यांनी टाक्यांच्या रेषेवर एक फोड आला, तो फुटला आणि त्यातून पाणी वाहायला लागलं ते थांबेचना. आत जंतू होतेच, गोळ्यांनी फक्त तोंड लपवून बसले होते. आजच फोन करून विचारा. मनाने बंद करू नका मात्र, विचारून करा.

पेट्रीडिश
मी मायक्रोबायोलॉजीत आहे, वरच्या प्रतिसादाला दोन्ही हातांनी अनुमोदन.

कल्चर निगेटिव्ह यायचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आधी दिलेलं अँटिबायोटिक. पेशंट स्थिर असेल, म्हणजे थंडी वाजून ताप, बीपी पडणं असलं काही नसेल, तर सर्जन साधारण दोन आठवडे गोळ्या थांबवून मग सुई घालतात. हे दोन आठवडे घरच्यांना फार जड जातात कारण दुखणं वाढतं, पण जंतूचं नाव कळणं हे इथे निम्मं युद्ध आहे. नाव नसेल तर पुढे सहा आठवडे अंदाजपंचे औषध द्यावं लागतं आणि स्पेसरच्या सिमेंटमध्ये कुठलं औषध कालवायचं तेही अंदाजानेच ठरतं.

आणखी एक, लॅबला चिठ्ठीवर "कृत्रिम सांधा" असं स्पष्ट लिहायला सांगा. साधं कल्चर दोन-तीन दिवसांत बघून बंद करतात. कृत्रिम सांध्यातले काही जंतू इतके आळशी असतात की १४ दिवस वाट बघावी लागते. त्याच पाण्यात पेशी मोजतात. जुन्या दुखण्यात पांढऱ्या पेशी ३,००० च्या वर आणि त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त न्यूट्रोफिल असतील तर संशय पक्का होत जातो. मूळ आपल्या स्वतःच्या गुडघ्यात ३,००० ला कुणी इन्फेक्शन म्हणणार नाही, तिथे आकडे खूप मोठे लागतात, त्यामुळे नेहमीच्या रिपोर्टवर छापलेली रेंज बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

शंकेखोर
माझा एक बाळबोध प्रश्न. इन्फेक्शन आहे तर जोरदार अँटिबायोटिक शिरेतून द्या ना महिनाभर. न्यूमोनिया बरा होतो, लघवीचं इन्फेक्शन बरं होतं, मग गुडघ्यालाच चिरफाड कशाला? मला तर यात दुकानदारीचा वास येतो.

हाडांचा_हिशोब
वास येणं साहजिक आहे, पण इथे तो पुवाचा आहे :) मी सांधे बदलण्याच्याच धंद्यात आहे, त्यामुळे माझं म्हणणं थोडं पारखूनच घ्या.

न्यूमोनियात जंतू जिवंत ऊतीत असतात, तिथे रक्त पोचतं, पांढऱ्या पेशी पोचतात, औषध पोचतं. धातू आणि प्लॅस्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू त्यावर चिकटले की काही दिवसांत स्वतःभोवती चिकट थर विणतात, बायोफिल्म. बंद बादलीच्या आतून बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो ना, तसाच. त्या थरातले जंतू जवळजवळ झोपेत असतात, वाढत नाहीत, आणि बहुतेक अँटिबायोटिक वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. मोकळ्या जंतूला जेवढा डोस पुरतो त्याच्या शेकडो पट दिला तरी थरातला जंतू हसत बसतो. म्हणून गोळी घेतली की मोकळे तरंगणारे मरतात, सूज उतरते, सगळे खूश, आणि गोळी संपली की थरातून नवीन बाहेर पडतात. काठावरची ताईंनी जे दोनदा बघितलं ते अगदी हेच.

आता मामांच्या प्रश्नाकडे. धुणं आहेच, खोटं नाही. गुडघा पूर्ण उघडून, सुजलेलं आतलं अस्तर खरवडून काढून, मधला प्लॅस्टिकचा लायनर बदलून, कित्येक लिटर सलाइनने धुवायचं आणि धातूचे भाग तसेच ठेवायचे. पण हे फळतं ते थर कोवळा असताना. नवीन ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत, किंवा जुन्या चांगल्या गुडघ्यात रक्तातून अचानक जंतू आला असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण तीन आठवड्यांच्या आत. शिवाय सांधा हाडात घट्ट हवा, वरची कातडी धड हवी, भोक पडून वाहत नसावं आणि जंतू औषधाला दाद देणारा हवा. आणि दुर्बिणीतून नको. दुर्बिणीतून लायनर निघत नाही, लायनर निघाला नाही तर गुडघ्याच्या मागच्या कप्प्यात नीट पोचता येत नाही, म्हणजे भांडं दर्शनी भागापुरतं घासायचं. उघड्या धुण्यापेक्षा त्याचे निकाल वाईट आहेत.

काठावरची
म्हणजे चिखल्यांतून गेलं असेल का हे? आणि तीन आठवड्यांच्या आत आलो असतो तर धुवून भागलं असतं?

हाडांचा_हिशोब
चिखल्यांतून रक्तात आणि रक्तातून गुडघ्यात, शक्य आहे. कातडीच्या भेगा, दातांची मुळं, लघवी, कुठूनही येतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कदाचित". धुणं वेळेत केलं तरी बऱ्याच जणांत फसतं, तेव्हा त्या सहा आठवड्यांचं ओझं घेऊन बसू नका. ज्यांनी गोळ्या दिल्या त्यांनीही वाईट हेतूने दिल्या नसणार. पण हो, बदललेला गुडघा गरम झाला की पहिली गोळी नाही, पहिली सुई, एवढं जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या आमच्या भावंडांपर्यंत पोचायला पाहिजे.

लाल_शाई
आमच्याकडे धुऊन भागलं, म्हणून लिहितोय. बायकोचा गुडघा, ऑपरेशननंतर १९ व्या दिवशी जखम परत लाल झाली आणि खालच्या टोकातून पाझरायला लागली. सर्जननी २१ व्या दिवशी उघडला. पाच ठिकाणचे तुकडे कल्चरला, लायनर नवीन, आणि धुणं एवढं चाललं की मला बाहेर वाटलं काहीतरी बिघडलंय. जंतू स्टॅफ ऑरियस. आधी शिरेतून आणि जखम कोरडी झाल्यावर गोळ्या, त्यात एक रिफॅम्पिसिन. लघवी नारिंगी-लाल, घाम नारिंगी, आणि डोळ्यांतून पाणी आलं तर तेही, तिने एकदा रडून बघितलं आणि मग दोघं हसलो. आयडी त्यावरूनच. एकूण तीन महिने. दुसरी औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना आधी दाखवा, आमच्या सासऱ्यांची रक्त पातळ करायची गोळी आहे, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की रिफॅम्पिसिनने तिचा असर कमी होतो.

पेट्रीडिश
बरोबर सांगितलंत, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा असर बराच कमी होतो. रिफॅम्पिसिन हे स्टॅफच्या थरात शिरणारं मोजक्या औषधांपैकी एक. झिमर्ली यांचा १९९८ चा स्वित्झर्लंडचा छोटा अभ्यास यात फार गाजलेला आहे. धातू न काढता उपचार पूर्ण केलेल्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकबरोबर रिफॅम्पिसिन घेतलेले १२ पैकी १२ बरे, त्याशिवायचे १२ पैकी ७. अभ्यास लहान आहे, वादही खूप झालेत, पण स्टॅफसाठी अजून तोच पाया. मात्र रिफॅम्पिसिन एकटं कधीच नाही आणि जखम वाहत असताना नाही, जंतू लगेच त्याला निर्ढावतात.

तीन महिन्यांचंही कारण आहे. फ्रान्समध्ये सहा आठवडे विरुद्ध बारा आठवडे अशी तुलना झाली, २०२१ ला छापून आली, सहा आठवडेवाल्यांत १८ टक्क्यांच्या आसपास इन्फेक्शन टिकून राहिलं, बारावाल्यांत ९ च्या आसपास. धातू आत ठेवून धुतलेल्यांत हा फरक जास्त दिसला.

शंकेखोर
दुकानदारीचं मागे घेतो. पण मग दोनच टप्पे का? घाण काढा, धुवा, त्याच टेबलवर नवीन बसवा. एकदाच भूल, एकदाच कटकट.

हाडांचा_हिशोब
एका टप्प्यात करतात की. हॅम्बुर्गमध्ये बुखहोल्ट्झ यांनी १९७० च्या दशकात सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक कालवून हे सुरू केलं आणि त्या परंपरेतले लोक आजही तसंच करतात. दोन टप्प्यांची पद्धत गुडघ्यासाठी न्यूयॉर्कमधल्या इन्सॉल यांनी १९८३ मध्ये मांडली, सांधा काढा, सहा आठवडे औषध, मग नवीन. तेव्हा पेशंट होते ११! त्या ११ जणांवरून जगभर पद्धत रूढ झाली असं म्हणालो तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

एका टप्प्यासाठी जंतूचं नाव ऑपरेशनच्या आधी माहीत हवं, त्याला मारणारं औषध हाताशी हवं आणि आजूबाजूची कातडी-स्नायू चांगले हवेत, कारण त्यात सर्जन फार निर्दयपणे कापतो. खुब्यासाठी ब्रिटन आणि स्वीडनमध्ये १४० जणांत दोन्ही पद्धती चिठ्ठ्या टाकून तपासल्या, १८ महिन्यांनी दुखणं आणि हालचाल यात फरक निघाला नाही. पण गुडघा खुब्यापेक्षा वेगळा, इथे हाडावर लगेच कातडी, मांस कमी. मी स्वतः अजून बहुतेकांना दोन टप्पेच सांगतो. माझ्या शेजारच्या टेबलवरचा मित्र एक टप्पा सांगतो. आम्ही दोघंही आपापलं खरं मानतो, आणि दोघांचेही काही पेशंट परत येतात.

काठावरची
अपडेट. सर्जनशी बोलले, गोळ्यांचं खरंच घाईत राहून गेलं होतं. त्यांनी लगेच बंद केल्या आणि १५ दिवसांनी पाणी काढलं. ते १५ दिवस कसे काढले आमचं आम्हाला माहीत, आई रात्री गुडघ्यावर ओला कपडा ठेवून बसायची. पाणी गढूळ पिवळं. पेशी २६,०००, न्यूट्रोफिल ९२ टक्के. कल्चरमध्ये दुसऱ्याच दिवशी स्टॅफ ऑरियस, साध्या औषधांना दाद देणारा. एक्स-रेमध्ये नडगीच्या बाजूच्या भागाखाली काळी रेघ दिसतेय, म्हणजे तो ढिला व्हायला लागलाय म्हणे. दोन टप्पे नक्की झाले, पुढच्या मंगळवारी पहिला.

आता मला सांगा, स्पेसर म्हणजे नक्की काय आणि तो असताना माणूस राहतो कसा? आईचा एकच प्रश्न आहे, "बाथरूमला मी माझी जाईन का?"

दोनदा_टाके
जातील. या प्रश्नाचं मी मन लावून उत्तर देतो, कारण मला तेव्हा कुणी दिलं नव्हतं.

स्पेसर म्हणजे हाडाच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिकची पावडर कालवून केलेला ठोकळा. सांधा काढला की जी पोकळी राहते ती तशीच ठेवली तर पाय आखडतो, स्नायू आक्रसतात आणि परत उघडताना सर्जनचे हाल. म्हणून तो आत बसवतात, आणि त्यातून औषध आतल्या आत झिरपत राहतं, शिरेतून कधीच पोचणार नाही एवढं. दोन जाती. एक ठोकळा, पाय सरळच राहतो, वरून लांब ब्रेस. दुसरा वाकणारा, साच्यात घालून गुडघ्यासारखा आकार दिलेला, किंवा काही जण मांडीच्या बाजूला धातू आणि खाली प्लॅस्टिक पातळ सिमेंटने चिकटवतात. हाड किती उरलंय, आजूबाजूचे लिगामेंट धड आहेत का, कातडी कशी आहे, त्यावर ठरतं. माझा सरळ होता.

सरळ पायाने जगणं हे एक वेगळंच शास्त्र आहे हो. खुर्चीवर बसलो की समोर दुसरी खुर्ची. गाडीत मागच्या सीटवर आडवं. पलंगावरून उतरताना दुसऱ्या पायाचा पंजा दुखऱ्या घोट्याखाली घालायचा आणि दोन्ही पाय एकत्र बाहेर काढायचे, ही युक्ती चौथ्या दिवशी एका नर्सने दाखवली, तोपर्यंत मी बायकोला हाका मारत होतो. कमोडवर वरून बसवायची उंच सीट आणि बाजूला धरायला दांडा, ही दोन कामं मंगळवारच्या आधी करा, नंतर धावपळ होते. वॉकर घेऊन दाराच्या चौकटीतून जाता येतं का ते आत्ताच मोजा. आमचा वॉकर बाथरूमच्या दारात अडकायचा, शेवटी दाराचं पल्लंच काढलं आणि पडदा लावला. वजन किती टाकायचं ते सर्जन सांगतील, मला पहिले काही आठवडे नुसतं टेकवायची परवानगी होती.

खरं सांगू, दुखणं नव्हतं एवढं. सांधा काढल्यावर तो रात्रीचा ठणका पहिल्याच आठवड्यात गेला. त्रास होता तो कंटाळ्याचा आणि घाबरण्याचा. दर आठवड्याला रक्त, दर आठवड्याला सीआरपी, आणि तो आकडा ३१ चा ३४ झाला की दिवस संपला. नंतर कळलं की एखाद्या आकड्याला अर्थ नसतो, उतार बघायचा. माझा असा गेला: ९०, ५१, ३१, ३४, १८, ९, ६.

पाऊल_पुढे
फिजिओ आहे. वरचा प्रतिसाद आम्ही छापून पेशंटना वाटायला हवा.

माझी भर थोडी. ब्रेसच्या आत मांडीचा स्नायू दिवसातून कितीतरी वेळा घट्ट करून सोडायचा, घोटा वर-खाली करत राहायचं, चांगल्या पायाचे आणि दंडाचे व्यायाम आधीपासून, कारण वॉकर दंडांवर चालतो. पोटरीत अचानक दुखलं, सूज आली किंवा धाप लागली तर ते गुडघ्याचं समजून घरी बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते. वाकणाऱ्या स्पेसरलाही हौसेने वाकवायचं नाही, ते सिमेंट मोडतं किंवा सरकतं, मी दोन्ही पाहिलंय.

पेट्रीडिश
स्पेसरमधलं औषध थोडं रक्तात उतरतं आणि जेंटामायसिन, व्हॅन्कोमायसिन किडनीवर ताण आणू शकतात, त्यात शुगर. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) प्रत्येक तपासणीत करतायत ना बघा.

आणि सहा आठवडे सुया टोचून घ्याव्याच लागतील अशी मनाची तयारी असेल तर विचारून बघा. ब्रिटनमध्ये हाड-सांध्याच्या इन्फेक्शनच्या १,०५४ जणांवर अभ्यास झाला, २०१९ ला आला, पहिल्या आठवड्यानंतर नीट निवडलेल्या गोळ्या दिलेल्यांचे निकाल शिरेतून घेणाऱ्यांपेक्षा वाईट नव्हते. "नीट निवडलेल्या" हे महत्त्वाचं, आधी घेतल्या तसल्या पाच दिवसांच्या नव्हेत.

सरळपाय
इथे सगळं गोड चाललंय म्हणून लिहायला संकोच वाटतोय, पण कडू बाजूही असू दे. माझे दोन टप्पे झाले, सव्वा वर्षाने परत इन्फेक्शन, परत काढलं, परत स्पेसर, गुडघ्याच्या वाटीखालचा जो पट्टा पाय सरळ करतो तो गेला. तिसऱ्यांदा नवीन सांधा नको म्हणालो. मांडीपासून नडगीपर्यंत एक लांब सळई घालून गुडघा कायमचा जोडून टाकला. पाय थोडा आखूड झाला, बुटात उंची घातलीय. वाकत नाही तो नाहीच. थिएटरमध्ये कडेची सीट, बसमध्ये लोक पायाला अडखळतात आणि माझ्याकडेच रागाने बघतात. पण दुखत नाही, वाहत नाही, आणि पाय माझा आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा मांडीतून काढावा लागला होता, त्याचं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणारच नाही अशांना जन्मभर एक गोळी चालू ठेवून जंतू नुसता दाबून ठेवतात, तेही पाहिलंय, आजोबा ८९ चे, मजेत होते.

काठावरची
संकोच नको काका, उलट बरं झालं लिहिलंत. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यात वाईट झालं तरी चालता येतं." आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

काठावरची
पहिला टप्पा झाला. साडेतीन तास लागले. सांधा ओढून काढत नाहीत, पातळ करवतीने सिमेंटची कड सोडवत सोडवत हाड वाचवून काढतात, त्यातच वेळ गेला म्हणाले. सहा ठिकाणचे तुकडे कल्चरला, धुणं झाल्यावर गाऊन, हातमोजे, अवजारं, चादरी सगळं बदललं. वाकणारा स्पेसर बसला. बाथरूमला ती चौथ्या दिवशी गेली, मी दाराबाहेर उभी, आतून ओरडली "जा की तू".

शुगर मात्र २८० ला गेली होती, इन्शुलिन सुरू केलंय. सर्जन म्हणाले दुसऱ्या टप्प्याची तारीख मी नाही, जखम, सीआरपी आणि शुगर मिळून ठरवतील.

दोनदा_टाके
"जा की तू" वाचून डोळ्यात पाणी आलं. नारिंगी नाही, साधं :)

शंकेखोर
मी हा धागा माझ्या बहिणीला पाठवला, ती पुढच्या महिन्यात गुडघा बदलतेय. आधी काय करावं म्हणजे ही वेळच येऊ नये? दात काढताना दरवेळी अँटिबायोटिक घ्यायचं असं ऐकलंय.

हाडांचा_हिशोब
पहिल्यांदा बदललेल्या गुडघ्यात हे साधारण १ ते २ टक्के लोकांना होतं, तेव्हा बहिणीला घाबरवू नका. शुगर आटोक्यात आणा, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) आठच्या बरंच वर असेल तर मी तारीख पुढे ढकलतो. तंबाखू-सिगरेट बंद. दात किडलेत, लघवीला जळजळ आहे, पायाला भेगा-चिखल्या आहेत तर ते आधी. गेल्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनला सांगायला विसरू नका. दातांसाठी सरसकट सगळ्यांना अँटिबायोटिक आता सुचवत नाहीत, काही विशेष कारण असेल तर डॉक्टर ठरवतील. दात रोज घासले तर जास्त फायदा.

काठावरची
शेवटचं अपडेट द्यायचं राहिलं होतं. शिरेतून आणि मग गोळ्या मिळून सहा आठवडे, नंतर दोन आठवडे सगळं बंद ठेवून बघितलं. सीआरपी ५ वर थांबला, गुडघा गार. अकराव्या आठवड्यात दुसरा टप्पा झाला. हाड थोडं गेलं होतं म्हणून दोन्हीकडे लांब दांडे असलेला सांधा बसवला. त्यावेळचे पाच तुकडे पुन्हा कल्चरला, १४ दिवस रोज मोबाइल बघत होते, काल रिपोर्ट आला, पाचही स्वच्छ. तरी तीन महिने गोळ्या आहेत. गुडघा आत्ता ८० अंश वाकतोय, पहिल्या वेळी ११५ वाकायचा, एवढा आता वाकणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. आई चिडलीय त्यावर. चिडतेय म्हणजे बरी आहे.

रात्रपाळी
आत्ता रात्री हा धागा सापडला. वडिलांचा गुडघा बदलून ९ दिवस झाले. टाक्यांच्या खालच्या टोकातून पाणी येतंय, रोज दोन ड्रेसिंग भिजतात. ताप नाही. घराजवळ एका क्लिनिकमध्ये दाखवलं, त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलंय आणि म्हणाले आठवडाभर बघू. थांबू का आठवडा?

काठावरची
गोळी सुरू केलीत का?

रात्रपाळी
संध्याकाळी एक दिली.

काठावरची
पुढची द्यायच्या आधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करा. उद्या नाही, आत्ता, हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर असेल ना डिस्चार्ज कागदावर.

हाडांचा_हिशोब
सहमत. पाचव्या-सातव्या दिवसानंतरही जखम पाझरत असेल तर ती सर्जननी स्वतः बघायची गोष्ट आहे, कधीकधी उघडून धुवावं लागतं आणि त्याला वेळेतच अर्थ असतो. घरी पिळून बघू नका, स्वच्छ कोरडं ड्रेसिंग ठेवा.

रात्रपाळी
फोन लागला. सकाळी सातला उपाशीपोटी घेऊन यायला सांगितलंय.

काठावरची
गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. कुठली गोळी आणि पहिला डोस किती वाजता घेतला ते एका कागदावर लिहून ठेवा, घाईत सांगायचं राहून जातं.